बोर्डावर तर सगळेच मॉन्टेसरी लिहितात, खरी कशी ओळखायची?

नमस्कार, मुलगी जूनमधे 3 वर्षांची होईल. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो, दोघंही नोकरीवाले. आतापर्यंत तीन शाळा बघून झाल्या, तिन्ही स्वतःला मॉन्टेसरी म्हणतात आणि तिन्हीकडे वेगळंच चालू. घराजवळच्या एकीत एसी, कॅमेरे, सगळं दाखवलं पण मॉन्टेसरीच्या सामानातला तो गुलाबी ठोकळ्यांचा टॉवर कपाटात, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. दुसरी धरमपेठेत, जुनं घर, कूलर लावलेले, पण पोरं चटईवर आपापलं काम करत बसली होती. घरचे म्हणून राहिले एवढ्या लहान पोरीला इतक्या लांब कशाला पाठवता. काय करू?

— ताई, मॉन्टेसरी या नावावर कोणाची मालकी नाही, कोणीही लावतं. बाईंचं ट्रेनिंग कुठलं ते आधी विचारा. एएमआय (असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल) ही संस्था ही पद्धत सुरू करणाऱ्या खुद्द मारिया मॉन्टेसरींनी 1929 मधे काढली, तिचा डिप्लोमा असेल तर चांगलंच. 3 ते 6 ची मुलं एकाच वर्गात असतात का आणि सकाळचा सलग वेळ, तीनेक तास, कामाला मिळतो का की दर अर्ध्या तासाला घंटा, हेही बघा. मुख्य म्हणजे तासभर वर्गात मागे बसू द्या म्हणा. मी बसली होती तेव्हा एका पोराकडून पाणी सांडलं, बाई जागच्या हलल्या नाहीत, तो स्वतः उठला, फडकं आणलं, पुसलं, पिळलं आणि परत ओतायला बसला. मी तिथंच फॉर्म घेतला.

— अंतर हलक्यात घेऊ नका. आमचा मुलगा व्हॅननं जायचा, आपल्याकडे जूनच्या शेवटी शाळा उघडते तरी उकाडा असतोच, त्यात व्हॅनवाला पूर्ण गाव फिरवून शेवटी याला सोडायचा, घरी आला की न जेवता झोपायचा. चार महिन्यांत काढला. शाळा चांगली होती हो, पण पोरगं थकून जात असेल तर काय कामाचं.

— मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं. बाळा, महागड्या सामानावर जाऊ नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 ला बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन मुलं शिकायची. पाहायचं ते एवढंच की वस्तू पोरांच्या हाताला येते का. आणि 3 वर्षांच्या लेकराला वहीत अक्षरं गिरवायला लावत असतील तर तिथून परत ये. पहिलीला 6 पूर्ण लागतात, घाई कशाची?

— सगळ्यांचे खूप आभार. बुधवारी हाफ डे टाकला, धरमपेठेत तासभर बसू देतात का बघते, आणि व्हॅनमधे आमच्या बाजूची किती मुलं आहेत, आधी कोणाला सोडतात तेही काकांना विचारून येते.