मदत हवी आहे: आईच्या हाताचं स्टेरॉइड मलम

आम्ही मालवणजवळचे. आईच्या हातांना एक्झिमा आहे. मासळी साफ करून, भांडी घासून तळवे पार चिरतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. त्वचेच्या डॉक्टरांनी क्लोबेटासोल ०.०५ टक्के दिलंय, दोन आठवडे, फक्त हातांना. माप मात्र छान समजावलं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

विचारायचं राहिलं ते असं. मॉइश्चरायझर आधी की मलम, आणि मध्ये किती वेळ सोडता? दोन आठवड्यांनी एकदम बंद करायचं की दिवसाआड करत? रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालून कोणी मासे साफ करतं का? आमच्याकडे ते घामानेच भिजतात.

आणखी एक. शेजारच्या काकी हीच ट्यूब जांघेतल्या नायट्याला मागतायत. मी दिली नाही. नायटा बुरशीचा, स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी मात्र पसरते, त्यात जांघेतली कातडी नाजूक. पण त्यांचं एकच, "मेडिकलवालो देता ता चालता, मग तुझा कित्याक नाय?" त्यांना न दुखावता डॉक्टरकडे कसं न्यावं?