अ‍ॅडव्होकसी : वकिली, पैरवी की आणखी काही?

मंडळी, एक शब्द अडलाय. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनासाठी इथे नागपुरात एक पुस्तिका करतेय. जगभरातल्या आदिवासी स्त्रिया आपल्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांपर्यंत कशा गेल्या, हा विषय. मूळ मजकुरात ओळीआड 'अ‍ॅडव्होकसी'. म्हणजे हक्कांसाठी जाहीरपणे बोलणं, मागे लागणं. मी सरळ 'वकिली' लिहून मोकळी झाले. महालातल्या डीटीपीवाल्याकडून प्रूफं आणली आणि गडचिरोलीतल्या कोरचीकडून आलेल्या एका आदिवासी बाईंना दाखवली. त्यांनी मथळ्यावरच बोट ठेवलं: 'आदिवासी स्त्रियांची वकिली'.

"ताई, आमचा वकील कोन हो? अन् फी किती घेते?"

हसलो सगळे, पण चूक माझीच. त्या एका 'ची'ने बायका अशील होऊन बसल्या, बोलणारं कुणी दुसरंच. 'पैरवी' चालेल का?

प्रतिसाद : ताई, 'पैरवी' आपल्या कानाला ओळखीचा वाटतो तो हिंदीच्या शेजारामुळे. पुण्याकडच्या वाचकाला तो परकाच वाटणार. फारसीत पैरवी म्हणजे मागोमाग चालणं. तेच चित्र आपल्या 'पाठपुराव्या'त आहे की! मग उसनवारी काहून?

प्रतिसाद : 'वकिली' इतक्यात मोडीत काढू नका. मराठेशाहीत वकील म्हणजे काळा कोट नव्हे, एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे होते. संयुक्त राष्ट्रांपुढे जिनिव्हाला जाणारी बाई त्या अर्थाने आपल्या समाजाची वकीलच झाली.

प्रतिसाद : पण भाऊ, तिला पाठवलं कोणी? सँड्रा लव्हलेसचं घ्या. कॅनडातल्या मॅलिसीट या आदिवासी समाजातली. बाहेरच्या माणसाशी लग्न केलं, तर कॅनडाच्या कायद्याने तिचा 'इंडियन' (तिथल्या कायद्यात आदिवासी) दर्जाच गेला. पुरुषाने बाहेरची बायको केली तर मात्र त्याचा दर्जा शाबूत. घटस्फोटानंतर तिला स्वतःच्या टोबिक वस्तीत हक्काने राहता येईना. १९७७ मध्ये तिने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली, १९८१ मध्ये समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. यात दरबार कुठला आणि वकील कुठला? नाव तिचं, तक्रार तिची. मराठीत याला चांगला खणखणीत प्रयोग आहे : दाद मागणे.

मूळ लेखिका : हे पटलं. मी एका नामाच्या मागे लागले होते, तिथेच फसले. लव्हलेसने दाद मागितली. १९९५ च्या बीजिंग महिला परिषदेत आदिवासी स्त्रियांनी स्वतःचा वेगळा जाहीरनामा काढला, तिथे बाजू मांडली. आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या समितीची ३९ वी सर्वसाधारण शिफारस, जी खास आदिवासी स्त्रिया आणि मुलींबद्दल आहे, ती २०२२ मध्ये आली. त्याआधी वर्षानुवर्षं विषय लावून धरावा लागला. तिथे तुमचा पाठपुरावा अगदी फिट्ट बसतो. वकिली काढतेय, भोसल्यांची माफी मागून.

प्रतिसाद : बरं, 'इंडिजिनस पीपल्स'मधल्या 'पीपल्स'चं काय केलंत? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५७ च्या १०७ क्रमांकाच्या करारात 'पॉप्युलेशन्स' होतं. १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारात 'पीपल्स' आलं. पहिला भारताने स्वीकारला, दुसरा नाही. त्या शेवटच्या 'स'साठी लोक वर्षानुवर्षं भांडलेत, कारण स्वयंनिर्णयाचा हक्क 'पीपल्स'ना असतो, नुसत्या लोकसंख्येला नाही. 'आदिवासी लोक' लिहिलंत की सगळं भांडण पुसलं. आपल्याकडे बसथांब्यावर उभे असतात तेही लोकच.

मूळ लेखिका : म्हणूनच 'आदिवासी समाजांचे हक्क' असं केलंय. गोंड समाज, कोलाम समाज, इकडे बोलतात तसंच. पण तेही बाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "समाज म्हनजे बैठकीत बसनारी मानसंच ना?" आता आपल्याकडे माणसं म्हणजे बाप्ये, हे नागपूरकरांना सांगायला नको. लव्हलेसची लढाई कळायची तर ही शंका पुस्तिकेत यायलाच हवी, पण कुठल्या शब्दाने, ते सुचत नाही. गोंडीत समाजाला काय म्हणतात आणि त्यात बायका धरतात का, ते त्यांनाच विचारून येते. प्रूफ परवा परत द्यायचंय.