मदत हवी आहे: सहा वर्षांच्या मुलाचा हट्ट कसा हाताळावा?

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावात वडगावला राहतो. मुलगा पहिलीत आहे. मोबाईल काढून घेतला की जमिनीवर लोळतो, हाताला येईल ते फेकतो. परवा भाकरीचं ताटच भिरकावलं. मी ओरडते, तो दुप्पट ओरडतो, शेवटी सासूबाई 'दे गं, लेकरू रडतंय' म्हणतात आणि मोबाईल परत त्याच्याच हातात.

मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हेच चक्र मांडलंय. आरडाओरडा थांबावा म्हणून आपण माघार घेतो आणि ओरडलं की मिळतं, हे मूल शिकतं. वाचून पोटात कालवलं. दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांच्या पद्धतीत रोज ५ मिनिटं मूल नेईल तसं खेळायचं असतं. सूचना नाहीत, प्रश्न नाहीत, चांगलं केलं की नेमकं काय आवडलं ते सांगायचं. चार दिवस केलं. काल स्वतःहून म्हणाला, "आई, तू पण चाक लाव." किती दिवसांनी!

पण हट्टाच्या वेळी घरात सगळ्यांनी एकच सूर कसा धरायचा? सासूबाईंना न दुखावता तुम्ही कसं सांगितलंत? धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कुणी मुलांना दाखवलंय का? बेळगाव-खानापूर भागात मराठीतून बोलणारे समुपदेशक माहीत असतील तर कृपया कळवा. त्याला कन्नड अजून नीट येत नाही, मनातलं तो मराठीतच सांगतो.