‘क्लोन’ म्हणजे नक्की काय? मुनवा, डॉली आणि जुरासिक पार्क

मृगबाग, रावेर
टीव्हीवर एक डब केलेला सिनेमा लागला होता. काचेच्या टाकीतून नायकाचा क्लोन बाहेर येतो. वय तेच, मिशी तीच, आणि येताच बायकोला नावानं हाक मारतो. इकडे रोपवाटिकेवाला टिश्यू कल्चरच्या केळीला ‘एकाच झाडाचे क्लोन’ म्हणतो. शब्द एकच की दोन? आणि मराठीत काय म्हणायचं?

तापीकाठ, भुसावळ
शब्द एकच, भाऊ, आणि तो मूळचा शेतीतलाच. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ डहाळी. बी न पेरता कलम, कंद, फांदी यांपासून वाढवलेल्या झाडांच्या गोतावळ्याला १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं हे नाव दिलं. माणसाच्या संदर्भात तो गाजला जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या १९६३ च्या भाषणामुळे. तेव्हा ते भारतातच, ओडिशात राहत होते. पुढे विज्ञानकथांनी तो उचलला आणि शेत मागे पडलं.

क्लोन म्हणजे जनुकांचा संच तोच असलेला जीव, बस. वय त्यात येत नाही, आठवणी तर नाहीच नाही. डॉली मेंढी १९९६ मध्ये स्कॉटलंडला झाली ती सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून. पण जन्मली दुसऱ्या मेंढीच्या पोटी, कोकरू म्हणूनच. २७७ अंडपेशी वापरल्या, त्यातून ही एकटी हाती लागली. तुमच्या नायकाचा खरा क्लोन पाळण्यात असता, आणि बोलायला लागल्यावर त्या बाईला काकू म्हणाला असता.

अमळनेरचा
मंग भो, तुम्हना क्लोन म्हंजे आम्हना मुनवाच शे ना! मन्हा आजला बठ्ठी जिंदगी क्लोनच लावत ऱ्हायना.

तापीकाठ, भुसावळ
अगदी. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारा कोंब. खायच्या बहुतेक केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, ते नीट वाटले जात नाहीत, म्हणून बी धरत नाही. बसराई वाण असो की श्रीमंती, पुढची लागण मुनव्यावर किंवा कंदावर. टिश्यूत वाढीच्या कोंबाचा बारीक तुकडा बाटलीत ठेवून त्याला फुटवे आणतात. झाडाच्या बुडाशी होतं तेच काचेत, फक्त हजारांनी.

मृगबाग, रावेर
मग एकाच ट्रेमधली रोपं असून बांधालगतची खुजी का राहतात? आणि मध्येच एखादं पानं भलतीच काढतं.

तापीकाठ, भुसावळ
बांधालगतच्यांना पाणी, खत, ऊन वेगळं मिळतं. जनुकं तीच, झाड वेगळं. सिनेमावाले नेमकं हेच दाखवत नाहीत. भलत्या पानांचं कारण दुसरं असू शकतं: बाटलीत फार वेळा फुटवे काढले तर पेशींत बदल होतात, आणि ते रोप काटेकोर अर्थानं क्लोन राहत नाही.

रोगाच्या वेळी मात्र हा सारखेपणा अंगाशी येतो. ग्रॉस मिशेल हे एकेकाळचं निर्यातीचं मुख्य वाण. पनामा मर रोगानं ते १९५०-६० च्या सुमारास बाजारातून उठलं, कारण एक झाड बळी पडणारं म्हणजे सगळीच बळी पडणारी. त्याच्या जागी कॅव्हेंडिश गट आला. आपलं ग्रँड नैन त्यातलंच. हरण्या हा केळीचा विषाणूरोग पसरला की प्लॉटमधलं कुठलं झाड अंगच्या ताकदीवर वाचतं, सांगा. क्लोनांच्या फौजांच्या कथा वाचताना मला हाच प्रश्न पडतो: शत्रू एक विषाणू सोडून मोकळा का होत नाही?

पडदा, धुळे
जुरासिक पार्कचे डायनासोर तरी क्लोन ना? राळेत अडकलेला डास, त्याच्या पोटातलं रक्त, त्यातला डीएनए.

तापीकाठ, भुसावळ
नाही. तुटलेला डीएनए बेडकाच्या तुकड्यांनी सांधला, असं त्या गोष्टीतच सांगितलंय. सांधलं की ते ठिगळ झालं. शिवाय मोआ पक्ष्याच्या हाडांवरच्या २०१२ च्या अभ्यासात डीएनए साधारण ५२१ वर्षांत निम्म्यावर येतो असं दिसलं. डायनासोर जाऊन ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. ग्रीनलंडच्या गाळात २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए वाचता आला, तीच मोठी बातमी ठरली.

नामशेष प्राण्याचा खरा क्लोन हवा असेल तर स्पेनची बुकार्डो ही रानशेळी बघा. शेवटची मादी २००० मध्ये मेली, पण तिच्या पेशी ती जिवंत असतानाच काढून गोठवल्या होत्या. २००३ मध्ये पिल्लू झालं आणि फुफ्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांतच गेलं.

गणितवाली, चाळीसगाव
मराठी शब्दाचं राहिलंच की. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये म्हशीचा क्लोन झाला, त्या पारडीचं नाव समरूपा ठेवलं होतं. आपल्या भूमितीत समरूप त्रिकोण आकारानं सारखे पण लहानमोठे असू शकतात. तंतोतंत असतील तर एकरूप. क्लोनला समरूपच शोभतो, कारण मूळ प्राणी म्हातारा आणि हा तान्हा.

तापीकाठ, भुसावळ
ताई, शब्द आवडला. तरी रोजच्या लिहिण्यात मी ‘क्लोन’च ठेवीन: तो क्लोन, ते क्लोन, आणि क्रियेला क्लोनिंग. ‘डॉली हे क्लोनिंग होतं’ हे चूक. ‘पोरगा बापाचा क्लोन आहे’ हे कौतुक म्हणून चालतं, पण निम्मी जनुकं आईची असतात.

अमळनेरचा
आनि जुळा पोऱ्या?

तापीकाठ, भुसावळ
एकाच फलित अंड्याचे दोन भाग होऊन झालेले असतील तर क्लोनच. दोन अंड्यांचे असतील तर नुसते भाऊ.