काँक्रिटची पूरभिंत मागणाऱ्यांनी आधी नदीकाठची मळी बघून यावं

मळीवाला
काल इथे एकाने आपल्या बेळगावकडच्या कृष्णाकाठाबद्दल लिहिलंय : "कल्लोळ, यडूर, इंगळीच्या लोकांनी दर पावसाळ्यात गाठोडं का उचलायचं? अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्ससारखी दोन पुरुष उंच काँक्रिटची भिंत बांधा, विषय संपला." वर लोकांनी टाळ्याही वाजवल्यात.

29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळात तिथल्या सतराव्या रस्त्याच्या कालव्यावरची भिंत फुटली, तेव्हा पाणी माथ्याच्या कित्येक फूट खाली होतं. उंची कमी पडलीच नव्हती. मातीच्या बांधात शीटपाइल, म्हणजे पोलादी पत्रा, ठोकलेला, वर काँक्रिटचा पडदा. वादळाने तळ्याचं पाणी कालव्यात चढवलं, भिंत कोरड्या बाजूला जराशी कलली आणि पाण्याच्या अंगाला माती नि पत्रा यांच्यात फट पडली. पाणी फटीतून खाली उतरलं. पाण्याचा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो : 2 मीटर पाण्याला भिंतीच्या मीटरमागे 2 टन, फटीसकट 5 मीटरला साडेबारा. बांधाचा पुढचा भाग तुटून वेगळा, मागचा एकटा तग धरणार, आणि खाली मऊ चिकणमाती. सरकला. राग याचा की 1985 मध्ये त्यांच्याच आर्मी कोअरने (लष्कराच्या अभियंता दलाने) मुद्दाम भिंत उभारून चाचणी घेतली होती. फट दिसली होती. निष्कर्ष मात्र काढला की पत्रा कमी खोल ठोकला तरी चालेल!

आता आपली काळी जमीन. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा. इथे फट पडायला भिंत कलायची वाट कशाला बघायची? तिथला फुगवटा काही तासांचा, आपल्याकडे 2019 ला पाणी आठवडाभर हललं नाही. आणि पूर ओसरताना मळी ढासळते हे शेंबडं पोरही सांगेल. नदी झरझर उतरते, काठाच्या पोटातलं पाणी तिथंच, बाहेरचा आधार गेला की काठ बसतो. त्या काठावर भिंत?

निपाणकर सिव्हिल
ती पोस्ट माझीच. गणित अर्धवट आहे, मामा. फट पडायच्या आधीही त्या बाजूला ओल्या मातीचा दाब असतोच, 2 टनांवरून थेट साडेबारावर उडी नाही. आणि गोष्ट 2005 लाच का थांबवलीत? नंतर त्यांनी उलट्या टी आकाराच्या भिंती बांधल्या, खाली जमिनीत तिरके खांब. 2021 ला त्याच तारखेला आयडा वादळ आलं, शहराभोवतीचे तट टिकले. एक डिझाइन फसलं म्हणून भिंतच नको, हा कुठला न्याय?

मळीवाला
टिकले की. साडेचौदा अब्ज डॉलर ओतले म्हणून टिकले. इथे पुलाचा कठडा दोन पावसाळे टिकत नाही.

जुगुळची सून
माझं माहेर नदीपलीकडं, महाराष्ट्रातल्या खिद्रापुरात. जुगुळला भिंत घातली की पाणी आमच्या अण्णांच्या घरात जाणार. हे कोण बोलतंय का? सगळ्याचं मूळ खालचं अलमट्टी धरण. 519.60 मीटरवर पाणी अडवून ही तऱ्हा, आणि कर्नाटक सरकारला 524.256 पाहिजे!

अथणी रोड
आली अलमट्टी! ताई, 2019 चा पूर अलमट्टीमुळे नाही असं महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं म्हटलंय. वर कोयना-राधानगरीकडं ढग फुटल्यासारखा पाऊस, खाली पूररेषेत बांधकामं.

जुगुळची सून
समितीतली माणसं छपरावर बसली नव्हती. आम्ही बसलो होतो.

अथणी रोड
छपरावरून अलमट्टीची दारं दिसत होती काय ओ?

सदलगेकर
भांडा तिकडं. आमचं घर 2019 ला पडलं, पंचनाम्याचा कागद कन्नडमध्ये. बाबांनी सही केली, नंतर कळलं 'अंशतः' लिहिलंय. विचारायला गेलो तर साहेब म्हणे, वाचून सही करायची. सांगलीवाले म्हणतात तुम्ही कर्नाटकातले, बेंगळूरला आम्ही मराठी. भिंत बांधली तरी तिचं टेंडर कुठल्या भाषेत निघेल ते आधी सांगा.

अथणी रोड
माझं कन्नडच आहे घरी, माझाही पंचनामा चुकलाय. भाषेचं काही नाही त्यात.

सदलगेकर
तुम्हाला निदान काय चुकलंय ते वाचता तरी आलं.

निपाणकर सिव्हिल
विषय भिंतीचा आहे!! कुणाला आठवतोय?

शहापूर शिवार
आम्हाला आठवतोय. बेळगावचा बळ्ळारी नाला दर वर्षी आमचं भात बुडवतो, आणि कारण जलपर्णी आणि गाळ. आधी नाला उपसा. भिंत घातली तर शिवारातलं पाणी नाल्यात जाणार कुठून? न्यू ऑर्लिन्सचे ते कालवे मुळात गावातलं पावसाचं पाणी पंपानं बाहेर टाकायलाच होते. आमच्याकडे पूर आला की पहिली वीज जाते.

वेदगंगाकाठ
वाळूचं कुणी बोलेना. तिथल्याच लंडन अव्हेन्यू कालव्यावर पाणी भिंतीखालच्या वाळूतून घुसलं नि भिंत उचलली. आपल्याकडे जुन्या पात्राची वाळू कुठं किती खाली आहे, ते वाळू उपसणाऱ्यांनाच ठाऊक. उद्या भिंत फुटली की तिवरे धरण फुटलं तेव्हासारखे खेकडे आहेतच नाव घ्यायला.

निपाणकर सिव्हिल
बरं. मामांचं एवढं मान्य, माती तपासल्याशिवाय उंची ठरवायची नाही. तुमच्या काळ्या भेगांपुढे आमच्या डिग्रीचा नमस्कार. पण खिद्रापूरचं पाणी मॉडेलमध्ये बसवता येतं, आणि पंपाला डिझेल जनरेटर असतो. आता तपासायचं तर पंचवीस मीटर बोअर मारायला मळीत जागा लागेल. कोण देतंय? तुम्ही?

मळीवाला
ऊसतोड झाल्यावर या. मशीन रुतलं तर ट्रॅक्टर माझा, डिझेल तुमचं.

जुगुळची सून
आणि दुसरा बोअर खिद्रापुरात. नाहीतर पहिलाही मारायचा नाही.