व्होल्बीटचा २०१० चा अल्बम: रॉकबिली, पंक आणि थ्रॅश यांचा सांधा नेमका कुठे जुळतो?

सावकाश_ऐकणारा (प्रश्न):

डेन्मार्कच्या व्होल्बीट या बँडचा २०१० साली आलेला ‘बियाँड हेल / अबव्ह हेवन’ हा अल्बम मी गेले काही आठवडे रोज ऐकतो आहे, आणि तरीही तो मला आवडतो की नाही हे ठरवता आलेले नाही. त्यात १३ गाणी आहेत. आठवे ‘सिक्स्टीन डॉलर्स’ ऐकताना आपण १९५० च्या दशकातले रॉकबिली, म्हणजे कंट्री आणि रॉक अँड रोल यांच्या मेळातले संगीत, ऐकत आहोत असेच वाटते; डबल बासची तार ओढून सोडल्यावर ती पट्टीवर आपटते तो टकटकाटसुद्धा त्यात आहे. अकराव्या ‘एव्हलिन’मध्ये नेपाम डेथ या बँडचा गायक बार्नी ग्रीनवे घशातून गुरगुरतो, आणि त्याला लागूनच येणारे ‘बीइंग वन’ पंकच्या (साध्या, झटपट, आक्रमक रॉकच्या) वळणाचे, अगदी हलक्या पायाचे आहे. जो तो या अल्बमला ‘मिश्रण’ म्हणतो. मला मात्र अनेकदा असे वाटते की तीन वेगवेगळ्या बँडची गाणी एकाआड एक लावली आहेत. हे खरोखर मिश्रण असेल, तर ते कुठल्या जागी ऐकावे? मी कोणतेही वाद्य वाजवत नाही, त्यामुळे उत्तर थोडे सोपे करून दिल्यास आभारी राहीन.

तिसरी_तार:

तुमची शंका योग्य आहे, पण तुम्ही सांधा दोन गाण्यांच्या मध्ये शोधत आहात आणि तो आहे गिटारवादकाच्या उजव्या तळहाताच्या कडेखाली. त्याच काळातल्या जॉनी कॅश या अमेरिकन गायकाचे सुरुवातीचे ध्वनिमुद्रण ऐका. त्याच्यासोबत गिटारवर ल्यूथर पर्किन्स आणि बासवर मार्शल ग्रँट असे दोघेच होते, ड्रम नव्हते. पर्किन्स तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला जिथे टेकतात तिथे, तारांवर टेकवून खालच्या सुरांच्या तारा वाजवत असे, त्यामुळे सूर लांबत नसे आणि प्रत्येक ठोका ‘टुक’ असा बंद होत असे. १९५६ च्या ‘आय वॉक द लाइन’मध्ये तर कॅशने स्वतःच्या गिटारच्या तारांखाली कागद सरकवला होता, म्हणजे खरखरीतून स्नेअर या खरखरत्या छोट्या ड्रमचा भास व्हावा. ड्रमची उणीव भरून काढण्यासाठी गिटारला ताल धरायला लावणे, हे त्या संगीताचे मूळ गमक आहे.

आता तीच कड, तीच जागा घ्या, अ‍ॅम्प्लिफायरवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा फाटकेपणा, पूर्ण चढवा आणि हात तिप्पट वेगाने चालवा: हा थ्रॅशचा, म्हणजे अतिवेगवान मेटलचा, रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी ओळ) झाला. थ्रॅशवाले ज्याला पाम म्यूट म्हणतात ती हीच क्रिया आहे. हात काही मिलिमीटर पुढे सरकला तर सूर पार मरतो आणि नुसती थप ऐकू येते. मागे सरकला तर तार मोकळी होऊन सगळा चिखल होतो. दोन्ही शैलींतला वादक याच चिंचोळ्या पट्टीत वावरत असतो.

याचा पुरावा ऐकायचा असेल तर त्याच बँडच्या २००७ मधील ‘रॉक द रेबेल / मेटल द डेव्हिल’ या अल्बममधले ‘सॅड मॅन्स टंग’ लावा. सुरुवातीला कॅशच्या धाटणीची मोकळी गिटार आहे आणि मग संपूर्ण बँड तुटून पडतो. बारकाईने ऐकल्यास जाणवते की ठेका बदललेला नाही, फक्त त्याच्या अंगावर चिलखत चढले आहे. गायक मायकेल पोल्सेन हा लहानपणापासून एल्व्हिस आणि कॅश ऐकत वाढलेला, आणि व्होल्बीटपूर्वी तो डॉमिनस नावाच्या डेथ मेटल (गुरगुरत्या आवाजातले जड मेटल) बँडमध्ये होता. ‘व्होल्बीट’ हे नावसुद्धा त्या बँडच्या एका अल्बमवरूनच आले आहे. त्यामुळे हा मेळ बाजार पाहून जुळवला असेल, असे मला वाटत नाही.

ठेकेकरी:

वरील उत्तरात ड्रमची बाजू राहिली आहे, ती जोडतो. कॅशच्या चालीत बासचा सूर आणि त्याच्या मागून येणारा तुटक झणकारा असे ‘बूम-चिक, बूम-चिक’ चालते. थ्रॅशमधला सर्वांत ओळखीचा ठेका पाहिला, तर त्यातही किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर एकाआड एक, किक-स्नेअर, किक-स्नेअर, असेच येतात. फरक इतकाच की तो दुगुणीच्याही पुढे गेलेला असतो. ड्रमवादक त्याला चेष्टेने ‘पोल्का’ म्हणतात, आणि चेष्टा सोडली तरी ते वर्णन अचूक आहे.

अडचण येते ती शफलमध्ये, म्हणजे झुलत्या ठेक्यात. रॉकबिलीत मात्रेचे दोन समान भाग होत नाहीत. पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड असतो, त्यामुळे चाल किंचित लंगडत, झुलत पुढे जाते. पंक आणि थ्रॅश यांना मात्र समान, सरळ भाग लागतात. वेग वाढवत नेला की लांब आणि आखूड यांतला फरक आपोआप कमी होत जातो, कारण हाताला तेवढी उसंतच उरत नाही, आणि एका ठरावीक वेगापलीकडे शफल जवळजवळ सरळ होऊन बसते. माझ्या मते पंकचे काम इथे आहे: झुलणारी चाल आणि थ्रॅशची सरळ धाव यांच्या मधली पायरी. रमोन्स या पंक बँडचा गिटारवादक जॉनी रमोन सगळे फटके वरून खालीच मारायचा. झोका न देता जुने तीन स्वरमेळांचे रॉक अँड रोल वाजवले की ते कसे ऐकू येते, हे त्याने आधीच दाखवून ठेवले होते. ‘सिक्स्टीन डॉलर्स’मध्ये व्होल्बीटने झोका राखला आहे, म्हणून ते गाणे तुम्हाला वेगळे पडल्यासारखे वाटते. बहुतेक इतर गाण्यांत झोका जातो आणि राहतो तो फक्त चालीचा आराखडा.

थ्रॅशनिष्ठ:

वरील दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, पण मूळ प्रश्नकर्त्याला जे खटकले ते खरोखरच खटकण्यासारखे आहे, हे कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवे. हाताची क्रिया एक असली म्हणून संगीत एक होत नाही. सुतार आणि शल्यचिकित्सक दोघेही करवत वापरतात.

रॉकबिलीचा प्राण त्यातल्या रिकाम्या जागेत आहे. जुलै १९५४ मध्ये मेंफिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिसने ‘दॅट्स ऑल राइट’ गायले तेव्हा त्याच्यासोबत गिटारवर स्कॉटी मूर आणि डबल बासवर बिल ब्लॅक एवढेच होते. सॅम फिलिप्सच्या या स्टुडिओची ओळख ठरलेला स्लॅपबॅक, म्हणजे दुसऱ्या टेप यंत्रातून क्षणभर उशिरा परतणारा आवाज, ऐकू येतो तोच मुळी आजूबाजूला कोणी बोलत नसल्यामुळे. २०१० च्या अल्बममध्ये डावीकडे गिटारची भिंत, उजवीकडे भिंत आणि मध्ये किक ड्रमचा घण; त्या प्रतिध्वनीने पडायचे कुठे? निर्माता याकोब हान्सेन हा कसलेला मेटल निर्माता आहे, आणि त्याने मेटलचाच अल्बम बनवला आहे.

पाहुण्यांविषयीही तेच म्हणेन. ‘सेव्हन शॉट्स’मध्ये क्रिएटर या थ्रॅश बँडचा गायक मिले पेट्रोत्सा येतो, ‘एव्हलिन’मध्ये ग्रीनवे. पेट्रोत्साचा आवाज ऐकून मला आनंद झाला हे मान्य करतो. ‘एव्हलिन’ मात्र मला दोन गाणी एकत्र शिवल्यासारखे वाटते: कडव्यांत डेथ मेटल, कोरसमध्ये पोल्सेनची गोड, खुली चाल. टाके सरळ दिसतात.

तिसरी_तार:

रिकाम्या जागेचा मुद्दा मला पटतो, आणि त्याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. करवतीचा दाखला मात्र इथे लागू होत नाही, कारण सुताराने शल्यचिकित्सकाला करवत शिकवलेली नसते. इथे एकातून दुसरे आलेले आहे, आणि मधला दुवा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे: मोटरहेड हा ब्रिटिश बँड. त्याचा गायक लेमी आयुष्यभर सांगत राहिला की आम्ही रॉक अँड रोल वाजवतो, आणि स्ट्रे कॅट्स या रॉकबिली बँडचा ड्रमवादक स्लिम जिम फँटम याला सोबत घेऊन हेड कॅट या बँडमध्ये त्याने जुनी रॉकबिली गाणी प्रत्यक्ष वाजवलीसुद्धा. थ्रॅशच्या पहिल्या पिढीने मोटरहेड किती ऐकले, हे तुमच्यासारख्याला सांगायला नको.

‘एव्हलिन’विषयी एक सुचवतो. त्यातल्या गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त पोल्सेनचा आवाज ऐका. खालून सगळे धावत असताना तो स्वर लांबवतो, शेवटी हलके कंप देतो आणि शब्दाच्या आधी किंचित थांबतो. तुम्ही म्हणता ती रिकामी जागा त्याने वाद्यांतून काढून गाण्यात नेली आहे.

सावकाश_ऐकणारा:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तुमच्या सांगण्याप्रमाणे पहिल्यांदा ‘सॅड मॅन्स टंग’ ऐकले आणि बँड तुटून पडायच्या आधीपासून बोटाने टेबलावर ठेका धरून ठेवला. बोट थांबवावे लागले नाही, वेगही बदलावा लागला नाही. ठेकेकरींनी म्हटलेले बूम-चिक तसेच खाली चालू राहिले. त्यानंतर अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला आणि ‘हू दे आर’ सुरू झाल्यावर तोच प्रयोग केला, तेव्हा आधी ज्याला मी नुसता गोंगाट समजत होतो त्यात ती तळहाताखालची ‘टुक-टुक’ सापडली.

‘एव्हलिन’ मात्र तीन वेळा ऐकूनही थ्रॅशनिष्ठ यांच्याच बाजूने मत द्यावेसे वाटते. पोल्सेनचे थांबणे ऐकू आले, ते सुंदर आहे, पण ग्रीनवे परत आला की मला अजूनही दार उघडून कोणीतरी दुसऱ्याच घरात शिरल्यासारखे होते.

थ्रॅशनिष्ठ:

मला मात्र आता ते दुसरे घरच आवडू लागले आहे. ‘सेव्हन शॉट्स’ पुन्हा ऐकून कळवतो.