जून ते ऑगस्ट उत्तर व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायला जायचंय, कुणी राहून आलंय का?

मलप्रभाकाठची:
नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, मग बेळगावात बीए आणि राणी चन्नम्मा विद्यापीठातून एमए इंग्रजी, आता ट्युशन घेते. एखादा सीझन उत्तर व्हिएतनाममध्ये राहून शिकवायचं आणि डोंगर फिरायचे असं लई दिवस मनात आहे. आपली सुट्टी एप्रिल-मेची, तिकडं जून ते ऑगस्ट, आणि तेव्हा इंग्रजीच्या सेंटरांचे समर क्लास जोरात असतात म्हणे. एक एजंट म्हणतोय टुरिस्ट व्हिसा काढा, तिथं पोचल्यावर बाकीचं बघू. शिवाय अर्ध्या जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर'च, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलाच, पाहिजे असं लिहिलेलं असतं, मग मराठी शाळेतनं आलेल्या मुलीला कोण उभं करून घेणार? आईला काळजी लागलीय, बाबा म्हणतात कागद नीट असतील तरच जा. माहिती असेल तर सांगा प्लीज.

निपाणीचा मास्तर:
बाबांचं ऐका. त्या एजंटला आजच नाही म्हणून सांगा. भारतीयांना ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, पण तो फिरायला, त्यावर पगारी काम चालत नाही. कामाला वर्क परमिट लागतं आणि ते काढायचं काम तिथल्या सेंटरचं, म्हणजे सेंटर पक्कं झाल्याशिवाय तिकीट काढायचंच नाही. तुमच्याकडं डिग्री आहे, त्याला जोडून १२० तासांचा टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा, कोर्स करा, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर असला तर उत्तमच. डिग्री अटेस्ट करून घ्या आणि पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवाच्या साइटवरनं करा. या सगळ्याला महिने जातात, त्यामुळं जूनला जायचं तर दिवाळी झाल्या झाल्या सुरुवात करायला पाहिजे. आणि पासपोर्ट 'जमा करून ठेवतो' असं कुणी म्हटलं तर ती जागा सोडा, माझ्या ओळखीतल्या एका पोराचा पगार असाच एका ठिकाणी अडकला होता.

वडगावची:
अगं, नेटिव्ह स्पीकरच्या पाटीला घाबरू नकोस. मी थाय न्युएनला शिकवून आलेय, हनोईपासून साधारण ८० किमी उत्तरेला, चहाच्या मळ्यांचा भाग. हनोईत गोऱ्या मास्तरांची गर्दी, अशा लहान शहरांत मात्र शिकवता येतं का एवढंच बघतात. २०२२-२३पासून तिकडं तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं झालंय त्यामुळं आईबाप पोरांना सेंटरला घालतातच.

वर्गातलं सांगते. तिकडची पोरं शब्दाचा शेवट गिळतात. लाइक, लाइफ, लाइट, तिन्ही त्यांच्या तोंडी 'लाय'! त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी असे आवाज मोजकेच, आणि जे आहेत तेपण तोंडातल्या तोंडात, मग पोरं तरी काय करणार. मी हाताच्या पाठीवर फुंकर घालायला लावायची, लाइफचा 'फ' हाताला लागला तरच बरोबर. पहिल्या बाकावरची एक मुलगी तास संपला तरी हात तोंडाशी धरून 'लाइफ, लाइफ' करत जिन्यानं खाली गेली. आपण घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी असं करत करत इंग्रजीपर्यंत पोचलोय, मूल नेमकं कुठं अडकतं ते आपल्याला लगेच कळतं कारण आपणपण तिथंच अडकलेलो असतो. इंटरव्ह्यूत हेच सांग, मीपण हेच सांगितलं होतं. डेमो क्लास मागतील, तो मात्र जीव ओतून घे.

घाटवाट:
फिरण्याचं मी सांगतो. 'हा जियांग' या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचा लूप, म्हणजे गोल फिरून येणारा रस्ता, चुकवू नका, साधारण ३५० किमीचा रस्ता, निवांत चार दिवस लागतात. डोंग वान ते मेओ वाक या गावांच्या मधे मा पी लेंग खिंड आहे, खाली न्यो क्वे नदी हिरवीगार, एवढ्या खोल की नजर ठरत नाही. १९५९ ते १९६५ मधे लोकांनी छिन्नी-हातोड्यानं कडा फोडून हा रस्ता केलाय, कड्याला दोर बांधून लटकत काम केलं त्यांनी. तिथं उभं राहिल्यावर बोलायलाच सुचत नाही. रविवारी मेओ वाकचा बाजार बघा, ह्मोंग या डोंगरी जमातीच्या बायका ठेवणीतले कपडे घालून डोंगर उतरून येतात.

गाडी स्वतः चालवू नका. आपलं इंटरनॅशनल लायसन्स रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या आंतरराष्ट्रीय करारातलं, व्हिएतनाम १९६८चं मानतं, म्हणजे अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. तिथली माणसं मागं बसवून नेतात, त्याला ईझी रायडर म्हणतात, तेच घ्या. आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे ऐन पाऊस, चोर्ला घाटात दरड येते तसंच तिथंपण. सप्टेंबर २०२४ला यागी वादळात लाओ कायकडचं लांग नू गाव दरडीखाली गेलं. पाऊस लागून राहिला तर निघायचंच नाही. अजून एक, जुलै २०२५पासून हा जियांग प्रांत तुयेन क्वांगमध्ये घातलाय, पत्ता शोधताना गोंधळू नका.

मलप्रभाकाठची:
खूप खूप आभार सगळ्यांचे! एजंटला नाही सांगितलं. वडगावची ताई, मी शाकाहारी आहे, निभेल का?

वडगावची:
निभेल. 'आन चाय' म्हण, म्हणजे शाकाहारी. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराला तिकडचे बरेच लोक स्वतःच चाय खातात, त्यामुळं अशा खानावळी गावोगावी आहेत. फक्त साध्या भाजीतपण माशाचा सॉस घालतात, दर वेळी विचारायचं. डेमो क्लासची तयारी करायची असली तर मेसेज कर, रविवारी बसू.